ॲम्प निवडण्याआधी आवाज ठरवा

ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) चांगला की मॉडेलिंग (त्याच आवाजाची डिजिटल नक्कल करणारा), यावर गिटारवाल्यांच्या चर्चा रात्र-रात्र रंगतात आणि बहुतेक वेळा टोनपाशीच घुटमळतात. कुणाला ट्यूबचा उबदारपणा हवा असतो, कुणी म्हणतं डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोघं वेगवेगळ्या पातळीवर ऐकत असतात. पातळी म्हणजे डेसिबल. ॲम्प घेताना सगळ्यात आधी विचारायचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच: तुम्ही किती मोठ्याने वाजवणार आहात? घरी काय आणि गिगला, म्हणजे स्टेजवरच्या कार्यक्रमाला काय, जे बिघडतं त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाच्या उत्तरापाशी येऊन थांबतं.

आधी थोडं गणित करू. गिटारच्या १२ इंची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. त्याला १ वॉट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज मिळतो. नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. दार लावून, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही अशा बेताने वाजवायचं तर ७५ ते ८० डेसिबल धरू. १०० वरून ८० वर यायचं म्हणजे २० डेसिबल उतरायचं, आणि दर १० डेसिबलला वॉट दहापटीने कमी होतात. म्हणजे लागतो फक्त १ वॉटचा शंभरावा भाग. २० वॉटचा ट्यूब ॲम्प खोलीत १० मिलिवॉटवर चाललेला असतो.

यातूनच 'घरासाठी ५ वॉटचा घेतो, पुरे' हा हिशेब कुठे चुकतो तेही दिसतं. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात. म्हणजे ५० वॉटच्या जागी ५ वॉटचा ॲम्प आणला तरी तो पूर्ण उघडल्यावर कानाला फक्त निम्मा वाटतो. ५ वॉट म्हणजे अजूनही १०५ डेसिबलच्या घरात. १ वॉटचा ॲम्पसुद्धा कळसाला नेला तर खोलीत बसवत नाही.

आता ट्यूब ॲम्पमध्ये १० मिलिवॉटवर नेमकं काय हरवतं? ट्यूब ॲम्प ही साखळी आहे: पुढच्या बाजूला १२एएक्स७ ट्यूबचा प्रीॲम्प (गिटारचा क्षीण सिग्नल मोठा करणारा पहिला टप्पा), मग फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करणारा), मग ईएल३४, ६एल६, ६व्ही६ किंवा ईएल८४ अशा पॉवर ट्यूब, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. यातल्या प्रत्येक कडीची दाबल्यावर मोडण्याची तऱ्हा वेगळी. मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्पनंतरचा, एकूण आवाजाचा नॉब) असलेल्या ॲम्पमध्ये प्रीॲम्पचं डिस्टॉर्शन (सिग्नल फाटून येणारा खरखरीत टोन) कमी आवाजातही मिळतं, म्हणून हाय-गेन, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शनचं मेटल वाजवणाऱ्यांची घरी फारशी अडचण होत नाही. अगदी स्वच्छ क्लीन वाजवणाऱ्यांचीही होत नाही. फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ॲम्प व्हॉल्यूम दोनवर ठेवूनही सुरेख वाजतो. अडचण मधल्यांची आहे. हलक्या हाताने क्लीन, जोरात मारलं की कुरकुरीत, अशा काठावरच्या टोनवर ज्यांचं प्रेम आहे त्यांना पॉवर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर घाम गाळताना हवे असतात. व्हॉक्स एसी३० किंवा मार्शलच्या १०० वॉटच्या जुन्या सुपर लीडला (मॉडेल क्रमांक १९५९) मास्टर व्हॉल्यूमच नव्हता. त्यांचा नावाजलेला टोन म्हणजे अख्खा ॲम्प ओढाताणीत असतानाचा टोन. एसी३० आणि डिलक्स रिव्हर्बमध्ये जीझेड३४ ही रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ट्यूब असते. जोरात कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, रेक्टिफायरमधून येणारं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग वर येतं. यालाच सॅग म्हणतात. बोटांना तार मऊ लागल्यासारखी वाटते ती यामुळे. १० मिलिवॉटवर कुणी जास्तीचा करंट ओढतच नाही, तर सॅग कुठून येणार?

शिवाय कानांचाही वाटा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी असताना कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, मधला पट्टा मात्र टिकून राहतो. म्हणून घरी वाजवणारा माणूस नकळत बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड्स कमी करतो. त्याच सेटिंगवर १०० डेसिबलला वाजवलं की बास घुमतो, ट्रेबल कानात टोचतं आणि ड्रम-बासच्या गर्दीत गिटार दिसेनाशी होते. ट्यूब ॲम्पवाला त्याचं काम नॉब फिरवून पाच सेकंदांत सावरतो. मॉडेलरवाल्याने मात्र घरी जपून ठेवलेले वीस पॅच (साठवलेली सेटिंग्ज) सगळेच चुकलेले असतात. त्याकडे पुढे येऊ.

ट्यूब ॲम्पच घरी वापरायचा असेल तर अटेन्युएटर हा उपाय आहे, पण डोळे उघडे ठेवून. तो ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि ॲम्पची बरीचशी ताकद उष्णतेत जिरवतो. साधे अटेन्युएटर म्हणजे मोठे रेझिस्टर. खऱ्या स्पीकरचा ८ ओम हा आकडा मात्र नावापुरता असतो: ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे कोन आपल्या रेझोनन्सला हलतो, तिथे इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) कितीतरी पटींनी चढतो, आणि वरच्या फ्रीक्वेन्सींना कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा वाढत जातो. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असल्यामुळे तो या चढउतारांना प्रतिसाद देतो. खालचा ठोका आणि वरची चमक तिथून येते. सपाट रेझिस्टर लावला की दोन्ही जातात आणि टोन चपटा लागतो. रिॲक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर वापरून हा चढउतार पुन्हा उभा केलेला असतो. त्याची किंमत जास्त, पण घरी खूप कमी आवाजात वाजवायचं तर तोच घ्यावा.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. ओम जुळले पाहिजेत: ॲम्पचा ८ ओमचा जॅक, ८ ओमचा अटेन्युएटर. वॉटचं रेटिंग ॲम्पच्या दुप्पट असावं, कारण ५० वॉटचा ट्यूब ॲम्प पूर्ण क्लिपिंगला (सिग्नलची टोकं छाटली जाईपर्यंत) नेला की ५० च्या बराच वर जातो. आणि ॲम्पपासून अटेन्युएटरपर्यंत स्पीकर केबलच लावायची. गिटारची शील्डेड केबल आत बारीक असते, ती तापते आणि सुटू शकते. अटेन्युएटर लावला म्हणून पॉवर ट्यूब वाचतात असंही नाही. त्या पूर्ण ताकदीनेच झिजत असतात, फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

एक नियम मात्र तोंडपाठ हवा. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय कधीच वाजवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला लोड नसला की ऊर्जेला जायला वाट उरत नाही, प्राथमिक बाजूला व्होल्टेजच्या प्रचंड उसळ्या येतात, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतलं इन्सुलेशन फुटतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा ॲम्पमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. स्पीकर आउटला हेडफोन लावणं हाही याच जातीचा अपघात.

आता मॉडेलिंगकडे. लाइन ६ चा ॲक्ससिस २१२ हा १९९६ चा आणि लाल रंगाचा पॉड १९९८ चा. तिथून हा प्रकार घराघरांत पोचला. फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, २०११ मध्ये आलेला केम्पर, २०१५ चा हेलिक्स, मग क्वाड कॉर्टेक्स आणि मोकळ्या परवान्याचं न्यूरल ॲम्प मॉडेलर, अशी पुढची वाट. आत दोन पद्धती चालतात. एकीत ॲम्पच्या सर्किटचे भाग गणितात मांडले जातात: कुठला कपॅसिटर, कुठली ट्यूब, टोनचा नॉब कुठे जोडलेला. या मॉडेलचे नॉब खऱ्यासारखे वागतात. दुसरीत खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीचे आवाज सोडून त्याचं उत्तर टिपलं जातं. असं कॅप्चर त्या ॲम्पच्या त्या क्षणाच्या सेटिंगचं असतं. त्या जागी ते थक्क करेल इतकं खरं निघतं, पण गेन दोनवरून आठवर नेला तर मूळ ॲम्प तसा वागला असता याची हमी नसते. म्हणून कॅप्चर वापरणाऱ्याने एकाच ॲम्पची क्लीन, काठावरची आणि पूर्ण गेनची अशी तीन-चार कॅप्चर ठेवावीत आणि नॉबने ओढाताण करू नये.

जुन्या मॉडेलरवर 'डिजिटल' असा शेरा बसायचा त्यामागे ठोस कारण होतं. डिस्टॉर्शन म्हणजे नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार करणं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगमध्ये (सेकंदाला ४८ हजार नमुने) २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. त्याच्या वर गेलेले हार्मोनिक उलटे दुमडून खाली, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येऊन बसतात, आणि त्यांचं वाजणाऱ्या सुराशी काही नातं नसतं. हेच एलिआसिंग. उपाय म्हणजे आतलं गणित आठपट किंवा त्याहून जास्त दराने करायचं, पण त्याला प्रोसेसरची ताकद लागते. आपला मॉडेलर यात किती पाण्यात आहे ते स्वतः तपासता येतं. गेन पूर्ण वाढवा, पहिल्या तारेवर सतराव्या-अठराव्या फ्रेटला सूर लावा आणि हळूहळू बेंड करा. मुख्य सूर वर चढत असताना मागे एखादी बारीक शिट्टी खाली उतरताना ऐकू आली, तर ते एलिआसिंग. चांगल्या नव्या यंत्रांत ही शिट्टी सापडत नाही, निदान वाजवण्याच्या पातळीवर तरी नाही.

दुसरा आक्षेप लेटन्सीचा, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा. फ्लोअर मॉडेलरमध्ये तो बहुधा २ ते ४ मिलिसेकंद असतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. ट्यूब ॲम्पपासून दीड मीटरवर उभं राहिलात तरी ४ मिलिसेकंदांहून जास्त उशीर हवेतच होतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तेव्हा एकट्या मॉडेलरला यात दोष देऊ नये. त्रास होतो तो बेरजेचा: डिजिटल वायरलेस, मग मॉडेलर, मग डिजिटल मिक्सर, मग इन-इअरचा (कानात घालायच्या मॉनिटरचा) डिजिटल ट्रान्समीटर. एकेक छोटा आकडा मिळून दहा-बारा मिलिसेकंद होतात, आणि जलद पिकिंग करणाऱ्याला ते बोटांखाली जाणवतं. कंप्युटरवर प्लगइन वाजवताना ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळलेला तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, तोही आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. वाजवताना बफर ६४ वर आणावा; रेकॉर्डिंग संपल्यावर मिक्सिंगला वाढवला तरी चालतो.

मग ट्यूब आणि मॉडेलर शेजारी ठेवल्यावर फरक जाणवतो तो कुठे? माझ्या मते ऐंशी टक्के वेळा शेवटच्या कडीत, स्पीकरमध्ये. ट्यूब ॲम्पसमोर उभं राहिलं की आपण थेट स्पीकर, लाकडी खोका आणि खोली ऐकतो. मॉडेलरमधून हेडफोनला किंवा पीएला (श्रोत्यांसाठीच्या ध्वनियंत्रणेला) जातो तो स्पीकरचा माइकने टिपलेला आवाज. रेकॉर्डवर आयुष्यभर ऐकलेला गिटारचा आवाज हाच असतो, पण ॲम्पसमोर उभं राहून कुणी तो ऐकत नाही, कारण कुणी आपला कान स्पीकरच्या जाळीला चिकटवून वाजवत नाही. 'मॉडेलरमध्ये ट्यूबसारखी मजा नाही' म्हणणाऱ्याने तोच मॉडेलर, कॅबचं (स्पीकरच्या खोक्याचं) सिम्युलेशन बंद करून, सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या) पॉवर ॲम्पमधून खऱ्या गिटार कॅबमध्ये घालून बघावा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आणि इथेच नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधली सगळी खरखर तोच गाळत असतो. पीएचा स्पीकर किंवा स्टुडिओ मॉनिटर २० किलोहर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे वाजवतो. त्यामुळे कॅब सिम्युलेशन बंद ठेवून पीएला दिलं तर डिवचलेल्या मधमाशांच्या पोळ्यासारखं गुणगुणतं. उलट, कॅब सिम्युलेशन चालू ठेवून गिटार कॅबला दिलं तर एकावर एक दोन स्पीकर होतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा बसतो. नियम एवढाच: मार्गात कुठेतरी एकच गिटार स्पीकर असला पाहिजे, खरा किंवा गणितातला. बऱ्याच मॉडेलरना दोन स्वतंत्र आउटपुट असतात. एकावर कॅबसह पीएला आणि दुसऱ्यावर कॅबविना स्टेजवरच्या खऱ्या कॅबला, असं एकाच वेळी करता येतं. ही सेटिंग पॅचमध्ये आहे की ग्लोबल मेनूमध्ये, ते मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवावं.

कॅबचं सिम्युलेशन बहुधा आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, स्पीकरच्या आवाजाचा टिपलेला ठसा असतं: विशिष्ट कॅब, विशिष्ट माइक, विशिष्ट जागा. शुअर एसएम५७ स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर ठेवला तर चरचरीत, टोपी आणि कोन जिथे मिळतात तिथे ठेवला तर समतोल, आणखी बाहेर सरकवला तर काळसर. हे सरकणं दोन-तीन सेंटिमीटरचं असतं, पण ॲम्पच्या ट्रेबल नॉबने जितका फरक पडतो त्याहून जास्त पडतो. म्हणून पॅच बनवताना आधी आयआर ठरवावा, मग ॲम्पचं मॉडेल, मग नॉब. उलट क्रमाने जाणारे लोक तासन् तास नॉब फिरवत बसतात. आयआरनंतर लो-कट (त्याखालचं गाळणारा) ८० ते १०० हर्ट्झला आणि हाय-कट (त्यावरचं गाळणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झला लावला की बहुतेक पॅच जागेवर येतात. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सर्वात खालची ई तार ८२ हर्ट्झला वाजते; त्याखालचं जे काही आहे ते बास गिटारचं आणि किक ड्रमचं राज्य.

गिगसाठी पॅच गिगच्या आवाजात बनवावेत. घरी ते शक्य नसतं, म्हणून बँडच्या रिहर्सलच्या खोलीत एक तास फक्त यासाठी काढावा. घरून आणलेल्या पॅचवर बहुतेकदा याच दुरुस्त्या लागतात: गेन तिसऱ्या हिश्शाने कमी, बास कमी, ५०० हर्ट्झ ते १.५ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल वर, रिव्हर्ब निम्मा. गेन कमी करताना जीवावर येतं, कारण एकट्याने वाजवताना गेन म्हणजे सस्टेन आणि आधार. पण गेन जितका जास्त तितका आवाज दाबला जातो, पिकचा ठोका नाहीसा होतो आणि गिटार मिक्समध्ये मागे जाते. पॅचची पातळी मीटर बघून जुळवू नये. क्लीनची शिखरं उंच असतात आणि डिस्टॉर्शन सपाट असतं, त्यामुळे मीटरवर सारखे दिसणारे दोन पॅच कानाला कधीच सारखे लागत नाहीत. बँड वाजत असताना कानाने जुळवावेत. सोलोसाठी ३ ते ४ डेसिबलचा बूस्ट पुरतो, आणि तो ॲम्पच्या मॉडेलनंतर लावायचा. आधी लावला तर आवाज वाढत नाही, डिस्टॉर्शन वाढतं. हॉल बदलला की पॅचना हात लावायचा नाही. त्यासाठी ग्लोबल ईक्यू (सगळ्या पॅचना एकदम लागू होणारा बास-ट्रेबलचा समतोल) आहे.

मिक्सरला जोडताना एक्सएलआर आउट वापरावा. साउंडवाल्याला लाइन पातळी द्यायची की माइक पातळी ते विचारून मेनूत ठेवावं. ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर आली तर एक्सएलआरवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारा स्विच) दाबावा. वीजपुरवठ्याच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय कधीच नव्हे. मग यंत्र ट्यूबचं असो की मॉडेलिंगचं. आणि फर्मवेअर गिगच्या आठवड्यात अपडेट करू नये. पॅचचा बॅकअप पेनड्राइव्हवर बॅगेत असावा.

आता स्टेजवरचा ट्यूब ॲम्प. त्याच्या वजनाची चर्चा सगळे करतात आणि ती योग्यच आहे: फेंडर ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपास, त्याचाच डिजिटल भाऊ टोन मास्टर ट्विन १५. २०१९ मध्ये आलेल्या टोन मास्टर डिलक्स रिव्हर्बमध्ये १०० वॉटचा क्लास डी (ट्रान्झिस्टरचा, वजनाला हलका) ॲम्प आहे, २२ वॉटच्या मूळ ॲम्पची नक्कल करायला. क्लास डी ॲम्प मर्यादा ओलांडली की ओबडधोबड फाटतो. ट्यूबचं गोलाईने दबणं गणितात दाखवायचं तर त्याच्या डोक्यावर भरपूर मोकळी जागा लागते, म्हणून हा मोठा आकडा. तेव्हा ट्यूबचे वॉट आणि डिजिटल वॉट यांची सरळ तुलना करू नये. ड्रमरबरोबर क्लीन वाजवायचं तर ट्यूबचे २०-२२ वॉट काठावर पुरतात. सॉलिड स्टेटचे ५० तरी हवेत.

वजनापेक्षा मला मोठी अडचण वाटते ती दिशेची. १२ इंची स्पीकर ट्रेबल सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारखं फेकतो. ॲम्प जमिनीवर ठेवला तर हा झोत वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि आठ मीटरवर नेमक्या रेषेत बसलेल्या श्रोत्याचे कान फाटतात. साउंडवाला म्हणतो आवाज कमी कर. कमी केला की पॉवर ट्यूब झोपतात आणि आपण पुन्हा घरच्या १० मिलिवॉटच्या दिशेने निघतो. यातलं बरंचसं भांडण ॲम्प तिरपा करून किंवा कमरेच्या उंचीवर ठेवून टाळता येतं. ॲम्प स्टेजच्या कडेला, आतल्या दिशेला तोंड करून ठेवावा आणि श्रोत्यांपर्यंतचं काम माइक आणि पीएवर सोडावं. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी; १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. दोन तासांचा गिग त्या पातळीवर करणाऱ्याने कानात प्लग घालावेत. गेलेले कान कुठलाच ॲम्प परत देत नाही.

ट्यूब ॲम्प गिगला नेणाऱ्याच्या बॅगेत असावं ते असं: त्याच रेटिंगचा फ्यूज, दोन १२एएक्स७, पॉवर ट्यूबची जुळवलेली जोडी, स्पीकर केबल आणि एक छोटं प्रीॲम्प पेडल ज्यात कॅब सिम्युलेशन आहे. ट्यूब ॲम्पचा सर्वोत्तम बॅकअप हा छोटा मॉडेलरच असतो, हे ट्यूबप्रेमींनी मनापासून स्वीकारावं. फ्यूज उडाला तर नवीन एकदाच घालून बघायचा. तोही उडाला तर बहुधा पॉवर ट्यूब आतून शॉर्ट झालेली असते. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून गिग ओढला की ट्रान्सफॉर्मर जातो. टणटण किंवा शिट्टी ऐकू आली तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीॲम्पच्या ट्यूब एकेक करून हलकेच ठोकाव्या. जी स्पीकरमधून मोठ्याने टकटकते ती मायक्रोफोनिक, म्हणजे कंपनं पकडून आवाजात मिसळणारी. बहुधा ती गिटारच्या जॅकजवळची पहिली निघते, कारण तिच्यापुढे सगळ्यात जास्त ॲम्प्लिफिकेशन असतं. काचेच्या आतल्या बाजूला निळी आभा दिसली तर घाबरायचं कारण नाही. पण पॉवर ट्यूबची करडी प्लेट लाल तापलेली दिसली तर त्या सेकंदाला ॲम्प बंद करावा.

प्रीॲम्पच्या ट्यूब कुणीही बदलाव्यात. पॉवर ट्यूब बदलल्या की फिक्स्ड बायस ॲम्पमध्ये बायस (काही वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते) लावावा लागतो. एसी३० सारख्या कॅथोड बायस ॲम्पमध्ये लागत नाही. हिशेब सोपा आहे: ईएल३४ ची डिसिपेशनची (उष्णता सोसण्याची) मर्यादा २५ वॉट, तिचे ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे ट्यूबमागे ३९ मिलिअँपिअर ही वरची हद्द. हिशेब सोपा असला तरी हात घालणं सोपं नाही. आतले फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही ४०० हून जास्त व्होल्ट धरून राहू शकतात, आणि तेवढ्याने जीव जातो. ज्याला ते उतरवून मीटरने शून्य तपासता येत नाही त्याने चॅसी उघडू नये.

विजेचा एक मुद्दा फारसा कुणी बोलत नाही. पुरवठा क्षणभर गेला आणि आला, तर ट्यूबची हीटर अजून गरम असते आणि आवाज जवळजवळ लगेच परततो. मॉडेलर मात्र नव्याने बूट होतो. वीस-तीस सेकंद, कधी जास्त, आणि तेवढा वेळ गाणं गिटारविना. वीज बेभरवशाची असेल तिथे मॉडेलर छोट्या यूपीएसवर चालवावा. त्याची भूक इतकी कमी असते की कंप्युटरचा साधा यूपीएसही पुरतो.

मग कुणी काय घ्यावं? वाजवण्याचा नव्वद टक्के वेळ घरी आणि हेडफोनवर जात असेल तर मॉडेलर, यात मला काडीची शंका नाही. बॉस कटानासारखा अर्ध्या वॉटवर उतरणारा कॉम्बोही (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) त्याच कामाचा. एका संध्याकाळी दहा प्रकारचे टोन लागणारा कव्हर बँड, इन-इअर, शांत स्टेज: मॉडेलर. तीन-चार जणांचा बँड, स्वतःचा एक टोन, लहान जागा, पीएत फक्त गायकाचा आवाज: तिथे १५ ते २२ वॉटचा ट्यूब ॲम्प अजूनही राजा आहे, कारण तो नेमका त्याच्या आवडत्या पातळीवर चालतो आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सगळा कार्यक्रम होतो. दोन्ही हवं असेल तर ट्यूब हेडला (स्पीकरविना नुसत्या ॲम्पला) रिॲक्टिव्ह लोड आणि आयआर लावून घरी हेडफोनवर वाजवावं, गिगला तेच हेड खऱ्या कॅबला जोडावं. दुरुस्तीचा विचार केला तर ट्यूब ॲम्प पुढे आहे: साठ वर्षांपूर्वीच्या ॲम्पला आजही नव्या ट्यूब आणि कपॅसिटर घालता येतात. मॉडेलरचा स्क्रीन गेला आणि कंपनीने सुटे भाग बंद केले की हळहळण्याखेरीज फारसं काही उरत नाही.

दुकानात दोन्ही शेजारी ऐकायचे तर आधी पातळी जुळवा. फोनवरच्या डेसिबल मीटरने एका मीटरवरून दोन्ही एक डेसिबलच्या आत आणा. मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो आणि त्यात भले भले फसतात. आपण प्रत्यक्ष जिथे वाजवणार त्या पातळीवर ऐका, दुकानदाराला आवडते त्या पातळीवर नव्हे. टोन काठावर आणा, मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणि तिथून तीनवर उतरवा. डिस्टॉर्शन हळूहळू विरळ होत क्लीन झालं पाहिजे, झाकण पडल्यासारखं एकदम मंद नव्हे. एकच कॉर्ड आधी अंगठ्याने, मग पिकने हळू, मग जोरात वाजवा आणि ॲम्प तिन्ही वेळा वेगळं उत्तर देतो का ते बघा. गिटार आणि केबल मात्र स्वतःची न्या. सहा मीटरच्या केबलमध्ये सहाशेच्या आसपास पिकोफॅरडची कपॅसिटन्स असते आणि ती पिकअपचं रेझोनन्स खाली ओढते. दुकानातली एक मीटरची केबल लावली तर कुठलाही ॲम्प घरी आणल्यावर वाजेल त्याहून जास्त चकचकीत लागतो.